दीडशे ते सहाशे

पॉन्टूनवरून, ६ मे

मास्तर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते चुलीत टाकलं नसेल, तर पुढे वाचा. काम लेन्सचं आहे. दुसरं काही नाही.

फोन केला असता, पण माझा नंबर तुम्ही बंद करून टाकलाय हे मला ठाऊक आहे. इथे या तरंगत्या घरात नेट लागतं ते फक्त आमच्या वरिष्ठ मातुरानासाहेबांच्या खोलीत, त्यांच्या टेबलाशी उभं राहून. म्हणून कागद. त्रान्सितोची लाँच दर चार दिवसांनी माशांच्या खाद्याची पोती घेऊन येते, आणि दाल्काउएला तो तुमच्या दारावरूनच घरी जातो.

तर ऐका. पुएर्तो मोंतच्या दुकानात आपण दोघांनी निवडलेली ती दीडशे ते सहाशेची लेन्स. निवडलेली म्हणजे मी हट्टाने घेतलेली. तुम्ही शंभर ते चारशेची घे म्हणून घसा कोरडा केला होतात. तिच्या आत बुरशी धरली आहे. पुढच्या भिंगामागे, कडेला, कोळ्याच्या जाळ्यासारखी. उजेडासमोर धरली की स्पष्ट दिसते. तुमचं म्हणणं खरं ठरलं. झूम करताना नळी बाहेर येते आणि आत जाते, अन् भात्यासारखी इथली ओली हवा पोटात ओढून घेते. जनरेटरच्या गरम खोलीत, तांदळाच्या डब्यात घालून ठेवायचो. तरी लागायची ती लागलीच.

आता नवीन घ्यायची आहे, कॅमेऱ्यासकट. दोन पर्याय आहेत. एक, नवी शंभर ते चारशे. हलकी, दिवसभर गळ्यात राहील. दुसरी, दोनशे ते सहाशे. हिची नळी बाहेर येत नाही, सगळं आतल्या आत फिरतं, पण वजन दोन किलोच्या वर. आणि तुम्हाला इथला हिवाळा माहीत आहे. दुपारी चारला दिवस संपतो, त्याआधीही आभाळ फडक्यासारखं डोक्यावर पडलेलं. सहाशेवर उजेड पुरत नाही. आयएसओ वाढवला की पिसांचा लगदा होतो. ट्रायपॉडचा उपयोग शून्य, कारण पायाखालचं घरच हलतं. मग हात स्थिर धरणारी यंत्रणा लेन्समध्येच असली तर पुरे, की कॅमेऱ्यातही हवी? मिररलेसवर जावं, की जुन्या पद्धतीचाच बरा? त्यांच्या बॅटऱ्या थंडीत लवकर बसतात म्हणे.

महिनाअखेर नाव कळवायचं आहे. तुम्ही सांगाल ते घेईन. या खेपेला हट्ट नाही.

सुनिल्दाबाईंना... जाऊ दे.

निबाल्दो राइन


पॉन्टूनवरून, १८ मे

मास्तर,

तुमचं पत्र मिळालं. त्रान्सितोने हातात दिलं तेव्हा तो म्हणाला, "म्हाताऱ्याने तीनदा घरात जाऊन पाकीट बदललं." मी भिंतीकडे तोंड करून वाचलं.

दीड पान, आणि सगळं लेन्सवर. शाळेत फळ्यावर लिहायचात तसं, आकृतीसकट. कॅमेरे दर दोन वर्षांनी जुने होतात, लेन्स माणसाबरोबर म्हातारी होते, म्हणून आधी लेन्स ठरव. वजन कागदावर वाचू नकोस, अर्धा तास हात लांब करून उभा राहा आणि मग सांग. चारशेवर काढून नंतर कापलेला फोटो हा सहाशेवर हललेल्या फोटोपेक्षा बरा. पटलं. काल दोन लिटरची पाण्याची बाटली धरून अर्धा तास उभा राहिलो. रोसामेल, आमचा स्वयंपाकी, दारात येऊन म्हणाला, "कुणाला आशीर्वाद देतोयस रे? माशांना?" विसाव्या मिनिटाला दंड थरथरायला लागला. तेव्हा शंभर ते चारशेच.

शेवटच्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. येर्कोचा पाणबुड्याच्या पोशाखातला एकही फोटो घरात नाही, तुझ्याकडे असेल तर सुनिल्दाला हवाय.

एवढंच. शिवी नाही, प्रश्न नाही. तुम्ही मला शिव्या घातल्या असत्यात तर सोपं गेलं असतं.

मी कॅमेऱ्याची कार्डं पाहिली. मास्तर, माझ्याकडे तीन हजारांवर फोटो आहेत. पाणकावळे, पेलिकन, एक समुद्रसिंह दात काढून जांभई देताना. तुमचा मुलगा दोन वर्षं माझ्याच माशांच्या पिंजऱ्यांवर पाणबुड्या म्हणून कामाला होता. बाप्तिस्म्याला त्याचा धर्मपिता, त्याचा निनो, म्हणून मी त्याला हातावर घेतलं तेव्हा तो माझ्या नव्या कोटावर मुतला होता आणि सगळं चर्च हसलं होतं. आणि त्याचा फोटो मी काढला नाही. "निनो, माझा काढ की एखादा," असं तो म्हणायचा. मी म्हणायचो, "तू उडून दाखव, मग काढतो."

शोधतो म्हणून सांगा येर्कोच्या आईला.

आणि एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं नाही. नवा कॅमेरा मी घेत नाहीये. कंपनी देतेय.

निबाल्दो


पॉन्टूनवरून, २७ मे

मास्तर,

बंदर बंद आहे. पाच दिवस वारा थांबलेला नाही. त्रान्सितो येत नाही, बदलीची माणसंही येत नाहीत. चौदा दिवसांची पाळी माझी कधीच संपली. पण मला त्याचं काही वाटत नाही. खरं सांगायचं तर गेल्या वर्षात मी चार वेळाच किनाऱ्यावर उतरलो. बाकीच्यांच्या पाळ्या मागून घेतो. गावात गेलं की रस्ता तुमच्या घरावरूनच आहे.

पत्र आज जाणार नाही, म्हणून घाई न करता लिहितो.

एप्रिलमध्ये तुम्ही वकील लावून येर्कोच्या मृत्यूची चौकशी पुन्हा उघडायला अर्ज केलात, हे इथे कळलं. त्याच आठवड्यात रोसामेल जेवताना सहज बोलून गेला, "निबाल्दो तर त्या दिवशीही पक्ष्यांच्याच मागे होता." मातुरानासाहेब टेबलाच्या टोकाला बसले होते. माते नावाच्या कडू चहाचा पेला हातात फिरवत होते. 

दोन दिवसांनी माझ्या खोलीत आले. स्वतः. "अरे, तू तर कलाकार निघालास! कधी सांगितलं नाहीस? कंपनीचं कॅलेंडर करायचंय. बारा महिने, बारा पक्षी. हा डबडा कशाला वापरतोस? नवा घेऊ."

"साहेब, कॅमेरा ठीक आहे. लेन्सलाच बुरशी..."

"सगळं नवं. तुला हवं ते. तू फक्त नाव लिहून दे. आणि जुनं जमा कर. कॅमेरा, लेन्स, कार्डं."

"कार्डं कशाला, साहेब? नखाएवढी तर असतात."

"कार्डं पण." माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी अजून आठ वर्षं आहेत इथे. नीट जाऊ देत."

मास्तर, मला तेव्हाच कळलं. न कळायला मी काही लहान नाही. तरी मी महिनाभर कुठली लेन्स घ्यावी याचा विचार करत बसलो, आणि तो विचार करताना मला बरं वाटत होतं. तुम्हाला पत्र लिहिलं तेही त्याच भरात. तुम्ही नाव सुचवलंत की निम्मं पाप तुमच्या हातून झालं असं होईल, असंही कुठेतरी मनात असेल. माफ करा.

त्या दिवसाचं कार्ड माझ्याकडे आहे. त्यात येर्कोचा एक फोटो आहे. एकच. सकाळी अकरा वाजून आठ मिनिटं. तो होडीत बसून मुखवटा बांधतोय, वर बघून हसतोय आणि मला हाताने पक्ष्यासारखे पंख करून दाखवतोय. चेहरा स्वच्छ आलाय. सुनिल्दाबाईंना हवा तो हाच.

त्याच कार्डात अकरा एक्केचाळीसचा एक फोटो आहे. मी पिंजऱ्यांच्या लोखंडी पायवाटेच्या टोकाला होतो, होडीपासून शंभरेक पावलांवर. फोटो अल्बाट्रॉसचा आहे. डाव्या कोपऱ्यात होडी. थोडी धूसर, पण दिसायचं ते दिसतं. हवेची नळी काठावरून पाण्यात गेलेली आहे. हवेचा पंप आहे. होडीत माणूस नाही.

पंपाजवळ नळी सांभाळायला एक माणूस कायम बसलेला हवा, हे तुम्हाला आता माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. तो नव्हता. मातुरानासाहेबांनी हाक मारून त्याला खाद्याची नळी जोडायला बोलावलं होतं.

आणि मी चौकशीत सांगितलं की माणूस जागेवर होता, येर्कोच सांगितल्यापेक्षा खोल गेला. कागद साहेबांनी लिहून आणला होता. मी सही केली. त्या कागदावरून तुमच्या मुलाची चूक ठरली.

त्याच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला तुम्ही मला अंगणात बाजूला घेतलंत. "तू वर होतास. काय पाहिलंस?" मी म्हणालो, "मी पक्षी बघत होतो, मास्तर." तेव्हापासून तुम्ही बोलला नाहीत. ते उत्तर खोटं नव्हतं, म्हणून मला इतके दिवस त्याच्या आड लपता आलं.

नि.


पॉन्टूनवरून, २ जून

मास्तर,

वारा पडला. त्रान्सितो उद्या सकाळी येतोय आणि त्याच्याबरोबर वाऱ्याआधी किनाऱ्यावर गेलेले साहेब, नवं खोकं घेऊन. मी शंभर ते चारशेचं नाव दिलं होतं. हो, दिलं होतं. वीस मेला. तुमचं पत्र खिशात असताना.

या पाकिटात पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये कार्ड चिकटवलंय. अख्खं कार्ड. येर्कोचा तेवढा एक फोटो वेगळा काढून पाठवावा, असं दोन दिवस चाललं होतं माझं. तेही करता आलं असतं. बाईंना फोटो, साहेबांना कार्ड, मला लेन्स. सगळे खूश. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याला पुन्हा पाहिलं आणि ते काही जमेना. याची दुसरी प्रत माझ्याकडे नाही. वकिलाच्या हातात देण्याआधी सुनिल्दाबाईंना पाहू द्या.

आता जे कार्डात नाही ते.

होडीचा पंप चालू असला की पायवाट थरथरायची. लोखंडातून पायापर्यंत यायचं. मी लेन्स कठड्यावर टेकवून धरायचो, आणि पंप चालू असताना कितीही केलं तरी सहाशेवर फोटो हलायचा. त्या दिवशी अल्बाट्रॉस पिंजऱ्याच्या तरंगत्या कड्यापाशी उतरला. इतक्या जवळ तो आयुष्यात आला नव्हता. मी वीस-पंचवीस फोटो काढले, सगळे मऊ. आणि मग थरथर थांबली.

पंप बंद पडला होता, मास्तर. मला कळलं होतं. आवाज गेला, पाय शांत झाले, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो, चला, आता स्वच्छ येईल.

आलाही. डोळ्यावरची काळी रेघ, चोचीवरचा पाण्याचा थेंब, सगळं. तीन-चार मिनिटं मी तिथेच होतो. तो मान वळवील याची वाट बघत. पाण्याखाली तो आहे हे मला माहीत होतं. अकरा आठला मीच त्याला पंख करताना पाहिलं होतं. नळीवाला बसलाय, तो बघेल, असं धरून चाललो. मान वर करून होडीकडे पाहायला किती वेळ लागतो? पाहिलं नाही.

नंतर, अकरा एकोणसाठला, ओरडा झाला तेव्हा धावलो. सगळेच धावले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लेन्सच्या चौकशीचं पत्र लिहायला बसलो होतो ते हे लिहायचं होतं म्हणून, असं आता वाटतं. खात्रीने सांगता येत नाही.

निबाल्दो


पॉन्टूनवरून, ९ जून

मास्तर,

त्रान्सितो सांगून गेला की पाकीट बाईंच्या हातात पडलं.  पुढचं मी विचारलं नाही.

साहेब आले त्या दिवशीचं सांगतो.

खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवलं. रोसामेल बटाट्याचे मिल्काओ तळत होता. पिठाचे हात पुसून तोही बघायला आला. मी उघडलं. खोटं कशाला बोलू, लावूनही पाहिली. दारात उभा राहून एका सीगलवर धरली. एवढ्या हलत्या लाटेवर डोळ्याला फोकस चिकटून बसला, सुटेचना. तुम्ही सांगितलेलं अक्षरन् अक्षर खरं होतं. हातात काही धरलंय असंही वाटत नव्हतं. मग काढली, टोपणं लावली, कापडात गुंडाळून खोक्यात परत ठेवली.

"काय रे?" साहेब म्हणाले. "जुनं कुठाय?"

मी जुना कॅमेरा आणि लेन्स समोर ठेवली. त्यांनी कार्डाचं झाकण उघडलं. रिकामं.

"कार्ड?"

"नाही, साहेब."

"हरवलं?"

"पाठवलं."

"कुणाला?"

"ज्याचा मुलगा गेला त्याला."

रोसामेल चुलीकडे वळला. साहेब खाली बसले. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. चेहरा पिठासारखा झाला होता. "खाद्याची नळी सुटली होती, निबाल्दो," ते म्हणाले. "सगळं खाद्य पाण्यात चाललं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. मी फक्त पाच मिनिटांसाठी बोलावलं त्याला."

"माहीत आहे, साहेब."

"मग?"

"अठरा मिनिटं लागली."

 तेलाचा चरचराट तेवढा. मग ते उठले, खोकं काखेत मारलं आणि जाता जाता दारातून म्हणाले, "तुझा बदलीचा माणूस या खेपेला येणार नाही." माझ्याकडे पाहिलं नाही.

"बंदर तर उघडं आहे," मी म्हणालो.

"तुझ्यासाठी नाही."

त्याला आज सहा दिवस झाले. त्रान्सितोला सांगितलंय की मला लाँचवर घ्यायचं नाही, कागदोपत्री मी पाळीवर आहे. पत्र तेवढं तो बुटात घालून नेतो. रेडिओची खोली कुलूपबंद. चाळीस पावलं लांब, बारा पावलं रुंद, एवढं माझं जग. चहूकडे पिंजरे, पिंजऱ्यांत मासे गोल गोल फिरतात. गेलं वर्षभर मी इथून हलायचं नाही म्हणून धडपडलो. आता हलायचंय.

रोसामेल माझ्या ताटात एक मिल्काओ जास्त टाकतो. काल म्हणाला, "मूर्खा, निदान लेन्स तरी ठेवून घ्यायचीस." मग थोड्या वेळाने, पाठ करून, "मी त्या दिवशी जेवताना बोलायला नको होतं ना?"

"बरं झालं बोललास," मी म्हणालो. मला ते खरंच वाटतं की नाही, ठाऊक नाही.

निबाल्दो


कास्त्रो, ५ जुलै

मास्तर,

तुमच्या वकिलांनी माझ्या नावाने समन्स काढायला लावलं तेव्हा कंपनीला मला लाँचवर घ्यावंच लागलं. वीस जूनला उतरलो. त्याच दिवशी कामावरून कमी केल्याचा कागद मिळाला. या खाडीतल्या इतर दोन कंपन्यांत विचारून पाहिलं. माझं नाव ऐकलं की साहेब जेवायला गेलेले असतात. सध्या केयोनला बहिणीकडे आहे. तिचे बटाटे पोत्यात भरतो. तिथेही दुपारी पाऊस सुरू झाला की घराबाहेर पडता येत नाही. रात्री डोळे मिटले की पायाखाली अजून हलतं.

काल इथे कास्त्रोला सरकारी वकिलांच्या कचेरीत जबानी झाली. तुम्हाला मजकूर वाचायला मिळेलच, पण तो माझ्याकडून आधी कळावा.

कार्डातला फोटो त्यांनी पडद्यावर मोठा करून लावला होता. लिहून घेणारी बाई तरुण होती. तिने विचारलं, "अकरा एक्केचाळीस ते अकरा एकोणसाठ, तुम्ही काय करत होतात?"

"फोटो काढत होतो."

"कशाचा?"

"अल्बाट्रॉसचा. काळ्या भुवयांचा."

तिने टाइप केलं, 'पक्ष्याचा'.

"पंप बंद पडल्याचं तुम्हाला कळलं होतं?"

माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या वकिलाने माझ्या गुडघ्याला हात लावला. त्याने आधीच बजावलं होतं, हे विचारलं तर आठवत नाही म्हणायचं, उगीच तुमच्यावरही येईल. मी म्हणालो, "कळलं होतं."

तिने वर पाहिलं. "आणि?"

"आणि मला बरं वाटलं. फोटो हलणार नव्हता."

तिने ते जसंच्या तसं लिहिलं. मग सगळं वाचून दाखवलं. माझ्याच तोंडचे शब्द, पण दुसऱ्याच्या आवाजात. मी सही केली. या वेळी कागद आधी वाचून.

माझ्यावरही गुन्हा लागू शकतो, असं ते म्हणाले. लागू दे. पहिली खोटी साक्ष तर माझीच आहे.

त्रान्सितो भेटला होता बाजारात. तो म्हणाला, बाईंनी तो फोटो मोठा करून स्वयंपाकघरात लावलाय, पंख केलेला. आणि मास्तर त्या खोलीत जेवत नाहीत, बाहेर पडवीत ताट घेऊन बसतात.  अल्बाट्रॉसचा तो फोटोही त्याच कार्डात आहे. तो पुसून टाका, एवढं सांगणार होतो, पण आता तो पुरावा आहे, पुसता येणार नाही म्हणतात.

जुना कॅमेरा मी परत घेतला नाही.

सोमवारी दहा वाजता तुमची जबानी आहे, आणि काही विचारायचं राहिलं तर म्हणून मलाही त्याच वेळी बोलावलंय. पहिल्या मजल्यावर, जिना चढून डावीकडे. व्हरांड्यात बाक एकच आहे, दोन माणसांपुरता. तुम्ही आणि बाई आलात की मी उठून उभा राहीन.

निबाल्दो राइन